भरदिवसा दिसलेला हेजहॉग: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

भरदुपारी हिरवळीवर एक काटेरी जीव पाय पसरून पडलेला दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, ऊन खात असेल बिचारा. फोटो निघतात, मुलांना हाका मारून दाखवलं जातं. संध्याकाळी बघावं तर तो तिथंच असतो, फक्त आता हलत नसतो. हेजहॉग ऊन खायला बाहेर येत नाही. तो रात्रीचा प्राणी. दिवसा उघड्यावर निपचित पडला असेल, तर त्याचं अंग गार पडत चाललंय आणि कुठूनतरी ऊब मिळावी म्हणून तो उन्हात आलाय, असंच धरून चालायचं.

युरोपात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि या प्राण्याशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या माणसासाठी हे लिहितोय. मराठीत त्याला पुष्कळदा साळिंदर म्हटलं जातं, ते चूक. साळिंदर उंदीर-घुशींच्या गोतातलं, तर हेजहॉग चिचुंद्रीचा नातेवाईक आणि मुख्यतः किडे खाणारा. शब्दकोशात 'जाहक' असं भारदस्त नाव सापडतं, पण मदतीसाठी फोन लावाल तेव्हा ते कुणाला कळणार नाही. मोठ्या हेजहॉगच्या अंगावर पाच ते सात हजार काटे असतात. त्यातला एकही तो फेकून मारत नाही. (साळिंदरही मारत नाही, पण तो वेगळा वाद.) हा प्राणी पूर्वीइतका दिसत नाही. ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत तो २०२० साली 'असुरक्षित' गटात गेला आणि २०२४ मध्ये जागतिक यादीतही त्याची नोंद 'संकटाच्या जवळ' अशी झाली.

खरंच मदत हवी आहे का?

दिवसा दिसलेला प्रत्येक हेजहॉग आजारी नसतो. उन्हाळ्यात पोटुशी किंवा लेकुरवाळी मादी दिवसाढवळ्या पालापाचोळा तोंडात धरून घरट्याकडे जाताना दिसते. कधी पिल्लांना घरट्यात ठेवून ती तासाभरासाठी खायला बाहेर पडते. तिची चाल ओळखू येते. ती भराभर चालते, कुठं जायचंय ते तिला ठाऊक असतं. अशी मादी उचललीत तर मागं घरट्यात चार-पाच पिल्लं उपाशी मरतील. तेव्हा लांबून बघा आणि सोडून द्या.

आणखी दोन प्रकारांनी नवखा माणूस हमखास घाबरतो. एक म्हणजे हेजहॉग मान वेडीवाकडी करून स्वतःच्याच काट्यांना तोंडातला फेस फासत बसतो. बघताना पिसाळल्यासारखं वाटतं, पण ही त्याची सवय आहे. नवा, उग्र वास आला की तो असं करतो. का करतो यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. दुसरा प्रकार मध्यरात्री बागेतून येणाऱ्या फुसफुशीचा. एक नर मादीभोवती तासन्‌तास गोल फिरत असतो आणि ती नाराज असते. तिथं आपलं काही काम नाही.

मदत नक्की हवी ती यांना: उघड्यावर आडवा पडलेला, झिंगल्यासारखा झोकांड्या खात चालणारा, अंगाभोवती माशा घोंघावत असलेला, लंगडणारा, रक्त येत असलेला, जाळीत अडकलेला, तळ्यातून किंवा खड्ड्यातून काढलेला, आणि दिवसा एकटंच चीं-चीं करत फिरणारं पिल्लू. यातलं काहीही दिसलं तर 'थोडा वेळ बघू या' करत बसू नका. या प्राण्याच्या बाबतीत थोडा वेळ फार महाग पडतो.

उचलायचा कसा

बागकामाचे जाड हातमोजे घाला. नसतील तर टॉवेलची दुहेरी घडी करून अंगावर टाका आणि दोन्ही बाजूंनी हात पोटाखाली सरकवून ओंजळीत घेतल्यासारखा उचला. बहुतेक वेळा तो अंगाचा चेंडू करून घेतो, त्यामुळं काम सोपं होतं. चेंडू होत नसेल, हातात सैल लोंबकळत असेल, तर प्रकरण गंभीर आहे हे तिथंच समजायचं.

खोकं उंच हवं, निदान गुडघ्याएवढं. हेजहॉग चढण्यात पटाईत असतो. बुटक्या खोक्यातून निसटून तो कपाटामागं जाऊन बसला, की रात्रभर फर्निचर हलवत बसावं लागतं. तळाला वर्तमानपत्राचे थर द्या आणि वर जुना फ्लीसचा तुकडा किंवा हातानं फाडलेल्या कागदाच्या पट्ट्या. उसवलेला टॉवेल आत ठेवू नका, त्याच्या धाग्यात नखं आणि पाय गुरफटतात. झाकणाला हवेसाठी भोकं पाडा आणि झाकणावर काही वजन ठेवा.

आणि खोक्यावरच पेननं लिहा: कुठं सापडला, कधी सापडला, कोणत्या अवस्थेत. हे किरकोळ वाटतं, पण महिन्याभरानं त्याला परत नेमका कुठं सोडायचा, हे त्या दोन ओळींवर ठरणार असतं.

ऊब

इथं घाई करायची आणि इथंच थांबायचं. घरात प्राणी आला की माणसाचा पहिला हात जातो खाण्याकडे. तो आवरा. थंड पडलेल्या हेजहॉगचं पचन जवळपास बंद झालेलं असतं. पोटात गेलेलं अन्न तसंच पडून राहतं आणि दुबळं शरीर आणखी खचतं. म्हणून क्रम पाठ करून ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं.

अंग गार आहे की नाही हे काट्यांवरून कळत नाही. बोटाची मागची बाजू हळूच पोटाला लावून बघा. जागा असलेल्या निरोगी हेजहॉगच्या अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, म्हणजे पोट कोमट लागलं पाहिजे. तुमच्या बोटापेक्षा गार लागलं, तर ऊब द्यायलाच हवी.

शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरा. पाणी उकळतं नको, नळाला येणारं गरम पुरे. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला सपाट ठेवा, म्हणजे तळाचा अर्धा भागच व्यापला जाईल. फार गरम झालं तर त्याला उठून पलीकडं जाता यायला हवं. पिशवी नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला.

बरेच जण इतकं करून निर्धास्त झोपतात आणि पहाटे पिशवी गारठलेली असते. गार पिशवी अंगातली उरलीसुरली ऊबही ओढून घेते. तिच्यापेक्षा पिशवी नसलेली परवडली. दर दोन-तीन तासांनी हात लावून बघा आणि पाणी बदला, रात्री घड्याळाचा गजर लावून. याला एकच अपवाद. उष्णतेच्या लाटेत धापा टाकत पसरलेला, पोट तापलेला हेजहॉग सापडला, तर त्याला शेक द्यायचा नाही. सावली, गारवा आणि पाणी, एवढंच द्यायचं.

पाणी आणि खाणं

ऊब मिळून तो हलू लागला की उथळ वाटीत साधं पाणी ठेवा. सिरिंजनं किंवा ड्रॉपरनं तोंडात सोडायचा मोह आवरा. अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या श्वासनळीत पाणी जातं. फारच सुकलेला असेल तर डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात. ते त्यांचं काम.

दूध अजिबात नाही. वाटीभर दूध आणि पावाचे तुकडे ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माया आहे, आणि तिनं कितीतरी हेजहॉग मेले असतील. गाईच्या दुधातली साखर त्याला पचत नाही, जुलाब लागतात, आणि मुळात सुकलेला प्राणी जुलाबात टिकत नाही. अंग उबदार झाल्यावर मांजराचं किंवा कुत्र्याचं डब्यातलं मांसाचं ओलं खाणं थोडंसं द्या. नसेल तर मांजराच्या पिल्लांचे कोरडे दाणे चालतील. बाजारात मिळणाऱ्या सुकवलेल्या अळ्या, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया तो मिटक्या मारत खाईल, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. हे नेहमीचं झालं की हाडं ठिसूळ होतात.

त्यानंतर लगेच फोन. खरं तर पिशवी तापत असतानाच फोन लावायला हवा. ब्रिटनमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटीकडे आपापल्या भागात आजारी हेजहॉग सांभाळणाऱ्यांची माहिती असते. रात्री-अपरात्री कुणीच भेटलं नाही तर जवळच्या पशुवैद्याकडे जा. वन्य प्राणी असला तरी तातडीचे प्रथमोपचार आणि वेदनाशमन करणं तिथल्या पशुवैद्यांच्या आचारसंहितेतच आहे. जर्मनीतला निसर्गसंरक्षण कायदा जखमी, आजारी आणि असहाय प्राणी घरी आणून सांभाळायची मुभा देतो. मात्र तो स्वतःचं स्वतः निभावू लागला की लगेच सोडून द्यावा लागतो. घरातलं माणसांचं वेदनाशामक, उरलेलं प्रतिजैविक, कुत्र्याचं पिसवांचं औषध, यातलं काहीही देऊ नका.

अळ्या पडल्या असतील तर

उन्हाळ्यात माशा येऊन बसल्या की समजा, घड्याळ सुरू झालं. माशीची अंडी तांदळाच्या बारीक कणीसारखी दिसतात, पांढरट पिवळी, एकमेकांना चिकटलेली. कानात, डोळ्यांच्या कडांना, तोंडात, काखेत, मागच्या पायांच्या मधे, जखमेच्या काठाला शोधा. काट्यांच्या बुडाशीही गुच्छ असतात, वरून दिसत नाहीत. उन्हाळ्यात ती दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात.

ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांना मळमळेल. साहजिक आहे. पण इथं तुमच्या हातानं होण्यासारखं खरंच काही आहे. पशुवैद्याकडे पोचायला वेळ लागणार असेल तर चिमटा घ्या, चांगला उजेड घ्या आणि एकेक करून वेचा. अंड्यांसाठी जुना दातांचा ब्रश कोरडाच वापरा. जखम पुसायची असेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून तेच कापसानं लावा. अख्ख्या प्राण्याला आंघोळ घालू नका, ओलं अंग पटकन गारठतं. सगळं करताना तो उबेवरच असू द्या. अंड्यांसाठी मात्र उबेची भीती बाळगायला हवी, कारण त्याच उबेनं तीही लवकर फुटतात. म्हणून अंडी दिसली की सकाळची वाट बघायची नसते. कानातल्या आणि तोंडाच्या आतल्या अळ्या डॉक्टरांसाठी सोडा.

गोचिडी आणि पिसवांचं एवढं मनावर घेऊ नका. चार-दोन गोचिडी निरोगी हेजहॉगच्या अंगावरही असतात. तेल, व्हॅसलीन फासून त्या काढायचे उद्योग करू नका, कारण गुदमरलेली गोचीड पोटातलं उलट रक्तात ओकते. गोचिडींचे घोसच्या घोस लटकलेले असतील तर मात्र प्राणी आतून आजारी आहे. हेजहॉगची पिसू वेगळ्या जातीची असते, ती तुमच्या घरात किंवा मांजरावर बिऱ्हाड करत नाही.

जाळी, यंत्र, विष

फुटबॉलच्या गोलची जाळी, फळझाडांवरची जाळी, बॅडमिंटनचं नेट. हेजहॉग आत शिरतो, घाबरून चेंडू होतो आणि दोरा आणखी आवळला जातो. पूर्ण दोरा कापून काढा, पण लगेच सोडून देऊ नका. ही चूक भल्याभल्यांकडून होते. दोरा आवळलेल्या जागी रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि कातडी तीन-चार दिवसांनी काळी पडून गळायला लागते. वरून काही दिसत नसलं तरी त्याला तपासणीसाठी पाठवा. पुढच्या वेळी जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधा.

गवत कापायच्या यंत्राच्या जखमा भयानक असतात. धोका आला की हेजहॉग पळत नाही, चेंडू होतो. लाखो वर्षं ते चाललं, पण यंत्रापुढं चालत नाही. उंच गवत कापण्याआधी काठीनं चाचपून बघा. जखम कितीही भीषण दिसली तरी आपण निकाल देऊ नये. कातडी सोललेले हेजहॉगही बरे होतात. याउलट मागचे दोन्ही पाय लुळे घेऊन फरफटणारा, वरून अगदी धडधाकट दिसणारा प्राणी पाठीचा कणा मोडलेला असू शकतो, आणि त्याला शांतपणे मरण देणं हाच डॉक्टरांचा उपचार असतो.

थरथर, झटके, जराशा आवाजानं दचकणं, सोबत निळसर हिरवी विष्ठा दिसली तर गोगलगायींसाठी टाकलेल्या विषारी गोळ्यांचा संशय घ्या. त्यातलं मेटाल्डिहाइड उघड्यावर वापरायला ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ पासून बंदी आहे, पण शेडमधल्या जुन्या डब्यांना कायदा वाचता येत नाही. असा प्राणी अंधारात, शांत ठेवा आणि थेट डॉक्टरकडे न्या.

पिल्लं

झुडपं काढताना घरटं उघडं पडलं, तर हात न लावता पाला पुन्हा वर टाका, लाकडं होती तशी ठेवा आणि लांब व्हा. आई घरट्यात असेल आणि तिला फार त्रास झाला तर ती पिल्लांना टाकून देते, कधी मारतेसुद्धा. रात्रीनंतर आई आली का, हे कळण्यासाठी घरट्याच्या तोंडावर एक हलकी काडी आडवी ठेवा आणि सकाळी ती हललीय का बघा.

पिल्लं घरट्याबाहेर, दिवसा, चीं-चीं करत, थंडगार सापडली तर मात्र ती अनाथ आहेत असं समजून सगळी गोळा करा. एका वेतात चार-पाच असतात, तेव्हा एक सापडलं की आसपास बाकीची शोधा. डोळे साधारण १४ दिवसांनी उघडतात. डोळे मिटलेल्या पिल्लाला घरी वाढवायचा प्रयत्न नवख्यानं करू नये. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, विशिष्ट दूध पाजावं लागतं आणि प्रत्येक वेळी पोटाखाली ओला कापूस फिरवून शी-शू करवावी लागते, आईच्या जिभेचं काम. तुम्ही फक्त ऊब द्या आणि पोचवा.

शरद ऋतू आणि वजनकाटा

सप्टेंबरात जन्मलेल्या उशिराच्या पिल्लांना थंडीआधी चरबी साठवायला वेळ पुरत नाही. शीतनिद्रेत हेजहॉगचं हृदय मिनिटाला १९० ठोक्यांवरून २० च्या आसपास येतं आणि शरीर आतल्या चरबीवर महिनोन्‌महिने धुगधुगी टिकवतं. चरबीच नसेल तर तो वसंतापर्यंत पोचत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरात ४५० ग्रॅमपेक्षा हलकं पिल्लू फिरताना दिसलं, तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन घ्या आणि आकडा फोनवर सांगा. नुसता आकडा पुरत नाही, घाटही बघा. धष्टपुष्ट हेजहॉग वरून नासपतीसारखा दिसतो. डोक्यामागं खाच पडून मान वेगळी दिसत असेल तर तो खंगलाय.

पाचोळ्याच्या घरट्यात गाढ झोपलेला दिसला तर त्याला उठवू नका. एकदा जागं होण्यात पुष्कळ चरबी जळते. झोपलेला की मेलेला, हा प्रश्न पडलाच तर काट्यांवरून अलगद हात फिरवा. झोपलेल्याचे काटे हळूच ताठ होतात.

काही दिवस घरीच ठेवावा लागला तर

हेजहॉग सांभाळणारी केंद्रं भरलेली असतात, तेव्हा जाणकार कधी कधी सांगतात, 'औषध देतो, आठवडाभर तुम्हीच सांभाळा.' शांत, मंद उजेडाची, उबदार खोली निवडा. कुत्रा-मांजर आत नको, टीव्हीही नको. वेगवेगळ्या ठिकाणचे दोन हेजहॉग एका खोक्यात ठेवू नका. ते भांडतात आणि रोगांची अदलाबदल करतात. रोज सकाळी कागद बदला. एवढासा प्राणी एका रात्रीत पाण्याची वाटी उलथवून, त्यात अन्न कालवून, वर विष्ठा तुडवून जो काला करून ठेवतो, तो बघण्यासारखा असतो.

रोज एकाच वेळी वजन घ्या आणि वहीत लिहा. दोन दिवस सलग घट झाली तर तिसऱ्याची वाट बघू नका. विष्ठा गडद आणि बांधलेली हवी. हिरवी, चिकट दिसली तर कळवा. खोकला येत असेल, छातीतून घरघर ऐकू येत असेल, तर फुफ्फुसातल्या जंतांची शक्यता मोठी. गोगलगायी खाण्यातून यातला एक जंत शरीरात जातो. त्याचं औषध वजनानुसार मोजून डॉक्टरच देतात.

हातमोजे प्रत्येक वेळी घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. हेजहॉगच्या अंगावरचा नायटा माणसाला लागतो, आणि विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लाडानं कुरवाळू नका, नाव ठेवून हाका मारू नका. माणसाच्या हाताची भीती गेली की बाहेर त्याची धडगत नाही.

परत सोडताना

तो स्वतः खातोय, वजन ६०० ग्रॅमच्या पुढं गेलंय, आणि हात लावताच पूर्ण चेंडू होतोय, फट न ठेवता, या तिन्ही गोष्टी बघा. एक डोळा गेलेला बाहेर निभावतो, दोन्ही गेलेला नाही. मागचा पाय गमावलेल्याला त्या बाजूचा कान खाजवता येत नाही, म्हणून त्याचा निर्णय केंद्रावर सोडा. मादीच्या आचळांत दूध असेल आणि दुखापत किरकोळ असेल तर तिला शक्य तितक्या लवकर, त्याच रात्री परत नेता येतं का ते विचारा.

जागा तीच, जिथं सापडला. खोक्यावरच्या त्या दोन ओळी आता वाचा. तिथली घरट्याची ठिकाणं, पाण्याच्या जागा, कुंपणाची भोकं त्याला पाठ असतात. फक्त तिथं रस्त्याचा किंवा कुत्र्याचा कायमचा धोका असेल तर दुसरी जागा शोधायची. सलग काही रात्री तापमान ५ अंशांच्या खाली जाणार नाही, असा अंदाज बघून दिवस ठरवा. वेळ तिन्हीसांजेची. खोकं झुडपाच्या कडेला आडवं करा, आतला वापरलेला कागद थोडा बाहेर पसरा आणि मागं सरका. कधी तो मिनिटात नाहीसा होतो, कधी अर्धा तास नुसतं नाक हलवत बसतो. टॉर्च घेऊन त्याच्या मागं जाऊ नका. पुढचे आठ-दहा दिवस रात्री त्याच जागी मांजराच्या खाण्याची वाटी आणि पाणी ठेवा, सकाळी दोन्ही उचलून धुवा. रिकामं खोकं जाळा किंवा फेकून द्या, ते पुढच्या पाहुण्यासाठी वापरायचं नसतं.